वरठीतला समुद्र

कुठलाही नवा जीव सव्वा महिना वेगळा ठेवल्याशिवाय घरात घेऊ नये, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या घरी, वरठी स्टेशनाच्या मागे, सत्तरच्या दशकात मी तीन वर्षं भाड्याने राहिलो. सारं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं, मीही तेच म्हणतो. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायला आलेला रत्नागिरीकडचा पोरगा. खोली बघायला गेलो तर त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. गाव तेवढं विचारलं, आणि ते समुद्राला लागून आहे म्हटल्यावर किल्लीच हातात ठेवली. पण आतल्या खोलीची नव्हे, बाहेरच्या पडवीची! आत जायला सव्वा महिना थांबायचं, बाळंतिणीला ठेवतात तेवढं. पुढे एकदा त्यांच्या वहीत माझी नोंद सापडली: ‘खातो. लाजतो. डाव्या कुशीवर झोपतो. श्वास नियमित. शेजाऱ्यांशी भांडण नाही.’ खाली हिरव्या शाईत सही. म्हणजे मी पास झालो होतो.

ती वही खरं तर माशांची होती. तळ्यांचा जिल्हा हा, गावोगावी तळं आणि तळ्यात रग्गड मासळी. पण गार्डसाहेबांना हवे होते समुद्रातले मासे, जिवंत आणि खाऱ्या पाण्यात. त्यासाठी मुंबईहून पाण्याचे डबे यायचे. एका गार्डाने पुढच्याला द्यायचा, त्याने त्याच्या पुढच्याला, असा एकेक डबा चार-पाच हातांतून वरठीला उतरे. वीज तर धड चार तास टिकत नसे. म्हणून त्यांनी ट्रकच्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून ती दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीतून एकेक बुडबुडा करून पाण्यात सोडायची सोय केली होती. समुद्रकाठचा म्हणून ते मला प्रत्येक गोष्टीत सल्ला विचारत. आता माशांच्या बाबतीत माझं ज्ञान कालवणापुरतं! पण तसं सांगायची माझी छाती झाली नाही, आणि ‘कालवण’ हा शब्द त्या घरात उच्चारायची तर मुळीच नाही.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकू आंधळगावच्या शेतकऱ्याघरची मुलगी. उभ्या जन्मात त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि त्यांना गाडी लागायची. म्हणजे अशी लागायची की इंजिनाची शिटी ऐकूनच त्या लिंबू शोधत. गार्डाची बायको, फुकटचे पास पेटीत पडलेले, आणि ही बाई माहेरी जायची तीसुद्धा बैलगाडीने. लग्न झालं तेव्हा गार्डसाहेबांनी समुद्र दाखवायचं वचन देऊन टाकलं होतं. बायको समुद्राकडे जात नाही तर समुद्र बायकोकडे आणू, असा त्यांचा सरळ हिशोब. पहिल्या खेपेचे मासे त्यांनी हौसेने थेट बैठकीतल्या मोठ्या काचपेटीत सोडले आणि आठवड्यात सगळे गेले. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून हे सव्वा महिन्याचं खूळ. मी गेलो तेव्हा मोठी पेटी रिकामीच होती, आणि मागच्या खोलीतल्या लहान पेटीत दुसऱ्या खेपेचे चार मासे होते: नारिंगी पट्टेवाली जोडी, एक पिवळा, एक निळा. मुंबईचा मासेवाला धंदा बंद करून गावी निघाला होता, त्यामुळे ही खेप शेवटचीच. हे चार गेले की समुद्र गेला.

मागच्या खोलीच्या दाराला त्यांनी आपला नोकरीतला लाल झेंडा लावून ठेवला होता. त्याला कोण विचारतं! शेजारपाजारचे खुशाल आत येत, काचेवर बोटं वाजवत, पाण्यात हात घालत, कुणी तर मुरमुरेही टाकले. गार्डसाहेब प्रत्येकाला रोग कसा पसरतो ते समजावून सांगत, ऐकणारे ‘हाव हाव’ म्हणत आणि जाता जाता पुन्हा हात घालत. पंधरवड्याने माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासू लागले. गार्डसाहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एकेकाचा श्वास मोजत बसले. शेजारच्या म्हातारीने डोकावून बघितलं, कपाळाला हात लावला आणि शांतपणे सांगितलं, की माता आली आहे. देवीची साथ लोकांच्या आठवणीतून अजून गेलेली नव्हती. काकूंनी एका शब्दाने वाद घातला नाही. लाल झेंड्याच्या वर कडुलिंबाचा डहाळा बांधला. झालं! त्या दिवसापासून दारात कुणी पाऊल टाकेना. पाय धुतल्याशिवाय अंगणातसुद्धा येईनात. गार्डसाहेबांची विज्ञानावर एवढी श्रद्धा, त्यामुळे दोन दिवस ते धुसफुसले. तिसऱ्या दिवशी सुकलेला डहाळा काढून ताजा बांधताना मी त्यांना पाहिलं.  मग सोनाराच्या काट्यावर गुंजेच्या हिशोबाने मोरचूद तोलून त्यांनी पाण्यात घातलं, आणि दहा-बारा दिवसांत ठिपके गेले.

पण पिवळ्याची शेपटी झिजू लागली. रोज एक चिंधी कमी. गार्डसाहेबांनी निदान केलं की रोग ठिपक्यांतून शेपटीत उतरला, आता दुसरा डोस हवा. आधीच्या औषधाने मासे अर्धमेले झालेले, पिवळा तर कोपऱ्यात तिरपा पडलेला. दुसरा डोस त्याला सोसणार नाही हे त्यांनाही दिसत होतं. तरी दुपारी त्यांनी मोरचुदाची पुडी उघडली. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “औषध नोका टाकू. त्याले रोग नाही. निळा मारून राहिला त्याले.”

गार्डसाहेबांनी रोज बत्ती धरून लिहिलेली वही पुढे केली. एवढ्या दिवसांत एकदाही भांडणाची नोंद नव्हती.

“नोंद कशी राहीन? तुमी बत्ती घेऊन जाता. बत्ती दिसली का सारे शायन्यावानी समोर येतात.”

आता हे शाळामास्तर असून मला सुचू नये! पर्यवेक्षक वर्गात आला की कुठलं पोर मारामारी करतं? आम्ही तिघं दाराच्या पडद्याआड लपून बसलो. थोड्या वेळाने फुटक्या मडक्याच्या तुकड्याखालून निळा निघाला, सरळ पिवळ्याकडे गेला, शेपटीचा लचका तोडला आणि सावकारासारखा परत आपल्या मडक्यात जाऊन बसला. गार्डसाहेबांच्या हातातली पुडी तशीच होती. चाळीस वर्षं ज्याने गाडीच्या शेवटच्या डब्यातून सगळ्या गाडीवर नजर ठेवली, त्याला समोरची मारामारी दिसली नव्हती.

काकूंनीच उपाय सांगितला. “माझा बाप गोठ्यात नवा बैल आणला का साऱ्याइचे खुंटे बदलवे. खुंटा बदलला का मालकी जाते.”

गार्डसाहेबांनी निळ्याला आठ दिवस काचेच्या बरणीत ठेवलं, पेटीतले मडक्याचे तुकडे सगळे इकडचे तिकडे केले, दोन जास्तीचे घातले, आणि मग त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडलं. निळा नवख्यासारखा भांबावून कडेकडेने फिरत राहिला. पिवळ्याची शेपटी महिन्याभरात फुटून आली. चौघांना बैठकीतल्या मोठ्या पेटीत सोडायचं ठरलं त्या दिवशी गार्डसाहेबांनी नोकरीतली टोपी घातली होती. त्यांनी आधी मोठ्या पेटीतलं पाणी वाटी-वाटीने माशांच्या भांड्यात मिसळलं, चांगला तासभर, आणि मग हिरवा झेंडा दाखवला. काकूंनी बोट बुडवून जिभेला लावलं.  मग म्हणाल्या, “खरा पाहाले नेता काय मले?”

गार्डसाहेबांचा चेहरा मी विसरलो नाही. त्यांनी गाडीची आठवण करून दिली. काकूंनी रिकाम्या वाटीकडे बोट दाखवलं. “मासळीले एकदम टाकलं काय तुमी?”

त्यानंतर ती दोघं दर रविवारी पॅसेंजरने निघत. पहिल्या रविवारी एकच स्टेशन, खातपर्यंत, आणि परत. मग रेवराल. थारशाला लिंबं संपली म्हणून दोन आठवडे पुढे सरकता आलं नाही. सारं गाव हसलं, मीही हसलो. माझी बदली झाली तेव्हा ती दोघं कामठीपर्यंत पोचली होती, आणि गार्डसाहेबांनी वहीचं नवं पान उघडलं होतं.

आज ती दोघंही नाहीत. मी कधी गावी समुद्रावर जातो तेव्हा मला वरठी आठवते, आणि ज्या गावात समुद्रच नाही ते गाव समुद्र बघून आठवावं याचं मलाच नवल वाटतं. बदलीनंतर दोन वर्षांनी आलेलं हिरव्या शाईतलं एक कार्ड माझ्याजवळ अजून आहे. वर मुक्काम मुंबई, आणि खाली एवढंच: ‘सौ. घोट्यापर्यंत पाण्यात. खाते. लाजत नाही. श्वास नियमित. बाहेर यायला तयार नाही.’