शब्द माझे, फोटो प्रकाशचा

फ्लेक्सच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच घेऊन येतं. आधी बॅनर न्यायला येतं, आणि चार दिवसांनी बॅनरचं काय झालं ते सांगायला! बरेचदा ओरडतच येतं.

मी मूळची नंदुरबारची. नवरा इथे सिल्वासात धाग्याच्या कंपनीत लागला, म्हणून मी आले आणि हसमुखभाईंच्या दुकानात चिकटले. कामाची वाटणी सरळ आहे. बॅनरवरचे शब्द मी लिहायचे, फोटो प्रकाशने लावायचा. प्रकाश तलासरीचा. फोटोत हुशार, पण मी काय लिहिलंय ते वाचायची त्याला कधी गरज वाटत नाही. आणि मीही त्याचा फोटो छापून झाल्यावरच बघते!

*

माझा पहिलाच आठवडा. एका कंपनीला कामगार हवे होते. हसमुखभाई बाहेर होते, त्यांनी फोनवर गुजरातीत मजकूर सांगितला, "बेन, लखो, नवरा माणसो माटे काम."

गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामे, हे मला कुठे माहीत? मी छान मराठीत लिहिलं, 'नवऱ्यांसाठी काम! ताबडतोब भेटा.' प्रकाशने त्या दिवशी नेमका पहिला शब्द वाचला आणि मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर ही गर्दी! सगळ्या बायका. प्रत्येकीने आपापल्या नवऱ्याला दंडाला धरून आणलेलं.

मॅनेजर वैतागून म्हणाला, "अहो, काम कोणाला हवंय? तुम्हाला की यांना?"

सगळ्यात पुढे उभी असलेली बाई म्हणाली, "काम यांना द्या. पगार कोणाला द्यायचा ते मी सांगते!"

हसमुखभाई चिडले असते, पण कंपनीला पाहिजे होती तेवढी माणसं एका सकाळीत मिळाली. गुजराती बॅनरवर मिळाली असती की नाही, देव जाणे.

*

दातांचे एक डॉक्टर आहेत, रत्नागिरीचे. त्यांचं म्हणणं, लोक दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतात आणि घाबरून परत जातात. म्हणून मी लिहिलं, 'भीती सोडा, आत या!'

प्रकाशला दात दाखवायचे होते. त्याने जबडा वासलेला सिंह लावला. सिंह इतका मोठा झाला की दवाखान्याचं नाव त्याच्या शेपटीजवळ कोपऱ्यात गेलं. फोन नंबर मात्र ठळक.

आता आमच्याकडे सिंह म्हटला की माणसाला एकच आठवतं, वासोण्याची लायन सफारी! डॉक्टरांचा फोन दिवसभर वाजायला लागला. "तिकीट केवढ्याला?" "लहान मुलांना सोडतात का?"

डॉक्टर ओरडले, "अहो, तो सिंह दातांसाठी आहे! इथे पिंजरा वगैरे काही नाही!"

पलीकडून काळजीचा आवाज आला, "म्हणजे मोकळाच ठेवलाय का?"

रविवारी तर एक अख्खं कुटुंब डबे घेऊन दारात हजर! डॉक्टरांनी त्यांना समजावलं. तेवढ्यात त्यांच्यातले आजोबा म्हणाले, "आलोच आहोत तर माझी एक दाढ बघा. फार ठणकतेय." डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं आणि दाढ काढली.

आजोबा तोंडात लाल झालेला कापूस धरून बाहेर आले. नातवाने त्यांना बघितलं आणि किंकाळी फोडली,

"आजी, पळ! सिंह आतच आहे!"

*

डोकमर्डीत एका बिल्डिंगमध्ये खाली खानावळ आहे आणि वर जिम. दोघांनी एकाच आठवड्यात बॅनर सांगितले, दोघांनाही 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो हवे होते. प्रकाशने कष्ट वाचवले. खानावळीच्या बॅनरवर काडीसारखा माणूस गुटगुटीत झाला. जिमच्या बॅनरवर तोच गुटगुटीत माणूस काडीसारखा झाला.

बॅनर एकावर एक लागले, तेव्हा कळलं! मी खानावळवाल्या अण्णांची माफी मागायला गेले, तर ते खुशीत.

"राहू द्या हो ताई! माणूस खाली जेवेल, वर जाऊन जिरवेल, भूक लागली की परत खाली येईल. जाणार कुठे?"

*

जमनाआजी बिबड्या विकतात. खानदेशातल्या ज्वारीच्या पापडांना आम्ही बिबड्या म्हणतो. मी लिहून दिलं, 'एकदा खाऊन तर बघा!' आणि प्रकाशने कुठूनतरी एक गोरी, हसरी बाई आणली.

आजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हाई कोन शे?"

"मॉडेल आहे, आजी."

"बिबड्या हिने थापल्या का?"

"नाही."

"मग ही कशाला हसतेय? माझा फोटो लाव!"

प्रकाशने त्यांना उभं केलं. म्हणाला, "आजी, थोडं हसा."

"का? काय झालं हसायला?"

एकूण एका फोटोत आजींच्या कपाळाला आठ्या आणि डोळ्यांत जाळ. शेवटी तसलाच एक लावला. आता शब्द तेच होते बरं का, काना-मात्रा बदलली नाही. पण त्या हसऱ्या बाईखाली जे आमंत्रण वाटत होतं, ते आजींच्या डोळ्यांखाली चक्क दम दिल्यासारखं वाटायला लागलं. 'एकदा खाऊन तर बघा!'

मला धास्ती वाटली, कोणी फिरकणार नाही. पण बॅनर बघून लोक थांबायचे, हसायचे, आणि हसता हसता पाकीट घ्यायचे. शेजारची तरणी सून मला सांगत होती, "ताई, मी न घेता पुढे जातच होते. मागे वळून बॅनर बघितला आणि दोन पाकिटं घेतली."

*

गलोंड्याच्या एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत पाटील साहेब सुपरवायझर आहेत. मशीनवर काम करणाऱ्यांनी हात जपावेत म्हणून त्यांना कँटीनमध्ये लावायला बोर्ड हवा होता. प्रकाशने पट्ट्या बांधलेले, रक्ताळलेले हात दाखवले. साहेबांनी तोंड फिरवलं. "अरे, माणसं समोर बसून जेवणार! चांगले हात दाखव."

प्रकाशकडे चांगला फोटो एकच होता, पुरुषाच्या हातात बाईचा हात. तो त्याने लावला. त्याच्या खाली माझे शब्द आले, 'हात सांभाळा! घरी कोणीतरी वाट बघतंय.'

साहेबांनी घाईत बोर्ड नेला आणि टांगला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये दोघं जण आले. मशीनवरचा दीपक आणि पॅकिंगमधली रेखा. दोघं धुळ्याकडची, जात वेगळी. त्यांचं जुळलेलं फॅक्टरीत कोणाला माहीत नव्हतं. रेखाची मान खाली, दीपकचा चेहरा उतरलेला.

"साहेब, तो बोर्ड कोणासाठी लावलाय ते आम्हाला समजलं."

"सगळ्यांसाठीच लावलाय," साहेब म्हणाले.

"पण साहेब, माझ्या घरी कोणी वाट बघत नाही! बायको नाही, काही नाही. एक आई आहे, तिला रेखाचं सांगितलंय. हिच्या वडिलांची भीती वाटते, म्हणून गप्प होतो. नोकरी घालवू नका, आम्ही लग्न करणार आहोत."

साहेब आम्हाला म्हणाले, "मला आधी काही उमगेना. मग उठून कँटीनमध्ये गेलो आणि तो बोर्ड पहिल्यांदा नीट बघितला!"

पण माणूस भला. रविवारी स्वतः रेखाच्या वडिलांकडे जाऊन बसले. वडील आधी बोलेनात, मग भांडले, मग मुलगा कसा आहे ते विचारायला लागले. संध्याकाळपर्यंत चहा आला. पुढच्याच महिन्यात लग्न लागलं.

त्याचे पेढे घेऊन साहेब दुकानात आले होते. ऐकताना माझे डोळे भरून आले. प्रकाश मात्र ओशाळला होता.

"साहेब, चूक माझीच. फोटो बदलून देतो. फुकट."

"खबरदार हात लावलास तर!" साहेब पेढ्यांचा बॉक्स पुढे करत म्हणाले. "आज सकाळी आणखी एक जोडी केबिनबाहेर उभी होती!"