खालांची मजलिस

वसईच्या आमच्या घरात जेवण टेबलावर आणि झोप पलंगावर. त्यामुळे लग्न होऊन ओमानमध्ये अल खौदला आले, तेव्हा जमिनीवर बसणं मला फार जड गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण राहायच्या, एक वयस्कर, विधवा ओमानी बाई. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, मजलिसमध्ये, एकही खुर्ची नव्हती. भिंतीला लागून पातळ गाद्या, पाठीला तक्के. कहवा प्यायला बसले की पायाला मुंग्या यायच्या. एकदा मी सरळ पाय पसरले. खालांनी माझ्या पावलांवर आपली शाल टाकली.

नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर म्हणाला, "अगं, समोरच्याला तळवे दाखवत नाहीत इथे."

मग खालांकडे बघून बघून मी पाय एका बाजूला दुमडून बसायला शिकले.

मला आठवा लागला होता, तेव्हा फोन आला. पपा गेले. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. नवरा गाला भागातल्या गॅरेजमध्ये कामावर होता. मी जिन्यातच बसून राहिले. खाला बाहेर आल्या, माझा चेहरा बघितला आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अंदर चलो, बेटी. अकेला नहीं बैठना."

त्यांच्यात तीन दिवस दुखवट्याला बसतात. माझ्या पपांसाठी त्या बसल्या. शेजारच्या बायका आल्या. पपांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, तरी माझ्या खांद्याला खांदा लावून गादीवर बसल्या. त्या अरबीत प्रार्थना पुटपुटत होत्या. मी मनात 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणत होते. तिकडे वसईला त्याच वेळी पपांना मातीत ठेवत असतील, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी खालांनी दोन गाद्या एकावर एक टाकल्या, मला कुशीवर निजवलं, पोटाखाली उशी सरकवली आणि डोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या. फोन आल्यापासून मी रडले नव्हते. तिथे रडले.

मुलगी झाल्यावर तिला घेऊन वसईला घरी गेले. आईने सगळ्यात आधी हेच विचारलं, "पपा गेले तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?"

मी सगळं सांगितलं. निघायच्या दिवशी आईने माझ्या बॅगेत एक नवी सोलापुरी चादर ठेवली.

"त्या बाईंना दे," म्हणाली. "म्हणावं, तुमच्या बेटीच्या आईने दिलीय."