बाळूच्या जीपचा हीटर

पत्र्यावर दव साठतं ना, तसेच किस्से साठतात आमच्या कडा गावच्या गॅरेजात. कुणी मुद्दाम गोळा करत न्हाई, पण सकाळी बघावं तर सगळा पत्रा ओला. माझा लेक दत्ता गाड्या दुरुस्त करतो, शौकतभाई त्याचे जोडीदार. मी दारात ऊन खात बसते आणि ऐकते. थंडी पडली की गाडीवाल्यांची तक्रार एकच, हीटर गार हवा मारतो.

*

एक पाव्हणे नवीनच गाडी घेऊन आले. चावी मारली, हीटर लावला, लगेच म्हणाले, "बघा, गार!"

दत्ता म्हणाला, "पाव्हणं, हीटर म्हंजे काय वेगळी शेगडी न्हाई. इंजिनाचं पाणी तापलं की त्याचीच ऊब आत येती. दम धरा."

"किती?"

"च्या होईस्तोवर," शौकतभाई म्हणाले.

चहा झाला, ऊब आली. तवापासून ते पाव्हणे गाडीला चावी मारली की आधी बायकोला चहा टाकायला लावतात म्हणे.

*

किराणावाल्या आप्पांच्या गाडीत पाणीच नव्हतं. तापणार काय?

शौकतभाईंनी झाकण उघडून विचारलं, "आप्पा, दुकानातल्या मांजराला पाणी ठिवता, मग हिला कावून न्हाई?"

आप्पा म्हणाले, "मांजर मागतं."

*

एका गाडीत पाणी काठोकाठ, तरी हवा गार. शौकतभाईंनी मला बोलावलं. "मावशी, हात लावून बघा." हीटरकडं जाणारी नळी चांगली तापलेली, परत येणारी थंडगार. तापातल्या लेकराचं कपाळ असतं आणि पाय असतात, तशा. मधी बोअरच्या पाण्याचा क्षार बसून वाट बुजलेली. धुतलं तर पांढरं पाणी निघालं, दुधासारखं, आणि लिंबाखालून सावकाश वाहत गेलं. गाडीवाला आणि मी दोघंबी ते कुठवर जातंय बघत बसलो. त्याला जायची घाई होती म्हणे.

*

आता बाळूचं सांगते. गल्लीतलाच पोरगा, जीप चालवतो. त्याची सुनीता बीडच्या दवाखान्यात दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. लेक झाली, ओंजळीत मावंल एवढी. घरी न्यायला सांगताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वाटेत तिला गार लागू देऊ नका. वाट काय जवळची हाय का! आणि जीपचा हीटर बर्फ.

"दत्ता, उद्या आणायचीय तिला," बाळू एवढंच म्हणाला. हीटरच्या फटीपुढं धरलेला हात त्यानं काढलाच न्हाई.

पाणी बघितलं, भरलेलं. नळ्या बघितल्या, दोन्ही सारख्या, पण नुसत्या कोमट. आष्टीच्या रस्त्यानं चक्कर मारून आले तरी काटा वर चढंना. शौकतभाईंनी इंजिनाचं एक तोंड खोललं. आत रिकामं.

"व्हॉल्व कुणी काढला?" दत्तानं विचारलं.

"आपणच की, चैतात," शौकतभाई म्हणाले.

आमच्याकडं ऊन असं, की इंजिन उकळू नये म्हणून उन्हाळ्यात समदे तो व्हॉल्व काढून टाकतात. पाणी तापेस्तोवर अडवून धरायचं काम त्याचं. तोच न्हाई म्हटल्यावर थंडीत पाणी तापतंच न्हाई. काढलेले सगळे एका तेलाच्या डब्यात पडलेले. जीपच्या मापाचे निवडले, पण त्यातला चांगला कोणता?

"मावशी, चूल हाय का पेटलेली?"

माझ्या पातेल्यात पाणी ठेवून सगळे आत सोडले. आम्ही वाकून बघत बसलो. वाफ तोंडावर येत होती. पाणी उकळायला आलं तरी सगळे मिटलेलेच. मग तळाशी एकानं हळूहळू तोंड उघडलं, जाईच्या कळीसारखं. बाहेर काढून गार केला, परत मिटला.

बाळू बारीक आवाजात म्हणाला, "ह्योच द्या."

बाळू रातीच बीडला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं एवढं, की जीप आधी ऐकू आली, मग दिसली. बाळू आपल्या घरापुढं थांबला, आम्ही तिथंच वाट बघत उभे. जीपचं दार उघडलं तशी आतली ऊब माझ्या पायावर आली. सुनीताच्या मांडीवर लेक, गाल गुलाबी, झोपलेली.

"उतर, घर आलं," बाळू म्हणाला.

सुनीता हलंना. "घरात हाय का हितकी ऊब?"

"मग काय करू?"

"चला की जरा पुढं."

बाळूनं माझ्याकडं बघितलं. सुनीता सरकली, म्हणाली, "आजी, दार लावून घ्या. या आत."

मी बसले. तेलाचे हात पुसत दत्ता आणि शौकतभाई मागं चढले. कुठं जायचं, कुणीच विचारलं न्हाई.