पंप सुरू, ऑर्डरी गुल

सासरी मोगऱ्याची वाडी आहे असं लग्नाआधी कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात रोजचा गजरा माळूनही टाकला होता. मी साताऱ्याकडची, मला काय ठाऊक! नालासोपाऱ्याजवळच्या गासला, सासरी, आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी समजावलं की वाडीतली फुलं विकायची असतात, माळायची नसतात. टोपलीत पडलं ते बाजाराचं. पहाटे उठून कळ्या खुडणाऱ्या त्या बाईच्या अंबाड्यात मी कधी एक कळी पाहिली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाईंनीच टूम काढली. व्यापाऱ्याला माल घालण्यापेक्षा नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांत गजरे थेट घरपोच द्यायचे. नवरा मुंबईत सॉफ्टवेअर लिहितो. त्याने कॉलर ताठ करून ऑर्डरींसाठी वेब ॲप बनवलं. मीही त्याच धंद्यातली, पण टेस्टर. म्हणजे तो बांधतो आणि मी पाडते. "घरचंच तर आहे, टेस्टिंग कशाला," म्हणून त्याने मला हातच लावू दिला नाही. बरं बाबा, म्हटलं, होऊ दे तुझ्या मनासारखं. ॲप चालायचं माळ्यावरून काढलेल्या जुन्या लॅपटॉपवर. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली.

सकाळी ऑर्डरी आल्या, सासूबाई हरखल्या. दुपारी सासऱ्यांनी वाडीला पाणी सोडायला पंप लावला. घरातले दिवे मिणमिणले, लॅपटॉप बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि ऑर्डरी गुल. दुसऱ्या दिवशी तीच गत. गजरा न मिळालेल्या बायकांचे फोन सुरू झाले आणि सासूबाई एकेकीची माफी मागत बसल्या.

नवऱ्याने सगळा दोष पंपावर ढकलला. बाबांनी दुपारी पाणी सोडूच नये म्हणाला. झालं! सासरे असे तापले की बोलायची सोय नाही.

"मोगरा पानी पितो, तुझा डबा नाय," ते म्हणाले. "उद्या पंप लावल्यावर त्यात ज्या ऑर्डरी राहतील त्या मी स्वतः पोचवीन. नाय राहिल्या तर परवापासून सगळा माल व्यापाऱ्याला."

सासूबाई उठल्या. आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या.

नवऱ्याची फजिती बघायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू! पण सासूबाईंचं ते भांडी घासणं ऐकवेना. मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. पंपाने लॅपटॉप बंद पडतो, मान्य. पण बंद पडून उठलेला लॅपटॉप त्यातले आमच्या लग्नाचे फोटो विसरत नाही, मग ऑर्डरीच कशा विसरतो? ॲप सुरू होताना काय काय करतं याची नोंद उघडली, तर पहिलंच काम दिसलं: डेटाबेसमधली ऑर्डरींची जुनी टेबलं पाडायची, नवी कोरी बांधायची. हे सेटिंग ॲप बनवताना सोयीचं म्हणून ठेवतात आणि खऱ्या वापराआधी बदलतात. आमच्या हिऱ्याने बदललंच नव्हतं. म्हणे, तात्पुरतं ठेवलं होतं.

त्याने तोऱ्यात सेटिंग बदललं. मी एक खोटी ऑर्डर टाकली आणि वायर उपटली. पुन्हा पाटी कोरी! आता साहेब लॅपटॉपला नावं ठेवायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं. नीट पाहिलं तर सेटिंगच्या फायली दोन होत्या, एक बनवतानाची, एक रोज चालवायची. गड्याने दुरुस्त केली होती पहिली आणि ॲप वाचत होतं दुसरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसरी फाईल मी माझ्या हाताने बदलली, आणि जाता जाता माझ्यातर्फे एक ऑर्डर टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्यांना समोर बसवून पंपाचं बटण दाबलं. लॅपटॉप मेला. उठला. ऑर्डरी जागच्या जागी. सासूबाईंनी पदराने घाम टिपला. सासरे चष्मा लावून एकेक ऑर्डर वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर अडकले. पत्ता आमच्याच घराचा. गजरा एक, सासूबाईंसाठी, रोज.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अचानक पंखा न्याहाळावासा वाटला.

"ही पुसता येते काय?" त्यांनी लेकाला विचारलं.

ऑर्डर पुसायचं बटण त्याने बनवलंच नव्हतं.

संध्याकाळी सगळी घरं फिरून सासरे परत आले, पण आत येईनात. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी हाक मारली, ऑर्डर आहे म्हणाले. सासूबाई हात पुसत गेल्या. केळीच्या पानातला गजरा त्यांनी घेतला, मागेपुढे फिरवून पाहिला आणि माझ्याकडे आल्या.

"तूच लाव गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाय लावता येत."

जन्मभर गजरे गुंफणारी ती बाई माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी राहिली. माझे डोळे भरून आले आणि पिन काही सापडेना.

पुसायचं बटण नवऱ्याने पुढे बनवलं. टेस्टिंगमध्ये मी ते दर वेळी नापास करते.