चिठ्ठी आणा, मग गोळी मागा!

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते स्वतःच्या पायांनी चालत येतात, आणि बहुतेक वेळा खोकत येतात!

मंगरूळपीरला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. दुकान सासऱ्यांचं, फार्मसीची पदवी माझी. लग्नानंतर मी काउंटरवर उभी राहिले आणि लगेच जाहीर करून टाकलं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही. तेव्हापासून माझं आणि अर्ध्या तालुक्याचं भांडण सुरू आहे. मैत्रिणी भेटल्या की तब्येत विचारत नाहीत, "नवीन कोण भांडलं गं?" एवढंच विचारतात.

तर ऐका.

*

पहिलं भांडण घरातच झालं. सासऱ्यांना सगळं गाव बाबूजी म्हणतं. त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक विश्वासानं येतं, त्याला परत पाठवायचं नाही.

"सूनबाई, ओळखीच्या माणसाला कोणी चिठ्ठी मागतं का?"

"बाबूजी, जंतूंना कुठे आपली ओळख असते!"

मी चिठ्ठीची पाटी लावली. दुपारी त्यांनी काढली. संध्याकाळी मी पुन्हा लावली. सकाळी ती पुन्हा गायब! घरात याविषयी कोणी एक शब्द बोलायचं नाही. जेवताना मी त्यांना भाजी वाढायची, ते "छान झाली" म्हणायचे, आणि पाटी तेवढी वर-खाली होत राहायची.

मग बाबूजींची दाढ सुजली. गालाला रुमाल बांधून दुकानात आले आणि जुन्या सवयीनं हात सरळ मागच्या कप्प्याकडे गेला. मी मध्ये उभी राहिले.

"चिठ्ठी?"

दुकानात गिऱ्हाईकं होती.

"अगं, दुकान माझं आहे!"

"दाढपण तुमचीच आहे, बाबूजी. आधी डॉक्टरांना दाखवा."

बाबूजी तणतणत निघून गेले. मी वरून ताठ उभी होते, पण मनात एकच चाललं होतं: आज घरी काय होणार! बऱ्याच वेळानं ते परत आले. दाताच्या डॉक्टरांनी आतला पू काढला होता, औषध लिहून दिलं होतं. बाबूजींनी ती चिठ्ठी काउंटरवर आपटली.

"घे! आणि बिल कर. फुकट नको मला काही!"

मग बाहेर जाऊन पाटीचा ढिला झालेला खिळा त्यांनी स्वतः ठोकला.

*

एकदा गावातल्या एका पुढाऱ्यांचा माणूस आला. पांढरे कपडे, कानाला फोन.

"साहेबाले सर्दी झाली. एकदम पावरफुल अँटिबायोटिक द्या. आज सभा हाय."

"सर्दीवर ती चालत नाही. सर्दीचा विषाणू वेगळा, ही औषधं जिवाणूंवरची. डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर मी देते."

"मॅडम, साहेब कोन हायेत, माहीत हाय ना?"

"मला माहीत आहे हो, सर्दीला नाही!"

तो रागानं गेला आणि थोड्या वेळानं चिठ्ठी घेऊन हजर. मी उघडली. वर साहेबांचं नाव छापलेलं, खाली सही-शिक्का, आणि मध्ये लिहिलेलं: 'सदर इसमास गोळी देण्यात यावी, ही शिफारस.'

सदर इसम म्हणजे साहेब स्वतः! स्वतःची शिफारस स्वतःच केली होती.

मी ती घडी घालून परत दिली. "यावर रस्ता मंजूर होईल, गोळी नाही."

शेवटी साहेब स्वतः आले, शिंकत. समोरच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. बाहेर पडले ते हात हलवत.

"काय लिहून दिलं, साहेब?"

"वाफ घ्या म्हने!" साहेब आपल्या माणसाकडे वळले. "येवढा शिक्का मारला, अन् भेटलं काय? गरम पानी!"

*

लहान मुलांच्या सिरपचा किस्सा तर मी कधी विसरणार नाही. ही बाटली कोरडी येते, आत नुसती पावडर. उकळून थंड केलेलं पाणी बाटलीवरच्या रेषेपर्यंत घालायचं, खूप हलवायचं, मग औषध तयार. बहुतेकांना मी दुकानातच करून देते. पण त्या दिवशी कामरगावची सोनू लेकराच्या कानदुखीचं औषध न्यायला आलेली, घाईत होती, गाडी सुटत होती. मी तिला समजावून सांगितलं, "रेषेपर्यंत पाणी, हे लक्षात ठेव. आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस झाले की उरलेलं ठेवू नको, टाकून दे."

बरेच दिवस गेले आणि सोनू पुन्हा आली. कडेवर लेकरू, हातात तीच बाटली.

"मॅडम, तुमी सांगतलं दिवस झाले की बंद करा. पन माही सासू म्हनते बाटली संपल्याबिगर बंद नाही कराची. अन् हे औषध तं संपतच नाही!"

मी बाटली पाहिली. बरोबर रेषेपर्यंत भरलेली. आत जवळजवळ पाणीच.

"हे असं कसं?"

"खाली उतरलं की सासू रोज रेषेपर्यंत पानी टाकून राह्यली ना! तुमीच तं सांगतलं होतं!"

लेकराचा कान अजून दुखत होता. त्याला समोर डॉक्टर मॅडमकडे नेलं, पुन्हा तपासणी झाली, नवीन बाटली आली. ती मी माझ्या हातानं तयार केली. सोनूच्या सासूबाई दुकानाबाहेर बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं चिडतील. त्या बाई उठून आल्या आणि मलाच दम भरला:

"मंग असं नीट सांगाव ना वं, की येकदाच टाकाचं!"

बाईंचं बरोबरच होतं. त्या दिवसापासून मी म्हणते, "रेषेपर्यंत. एकदाच. पुन्हा नाही!"

*

गजाननभाऊ ट्रॅक्टरवाले. माणूस दिलदार, पण वरात दिसली की अंगात येतं. त्यांच्या पोटाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी जी गोळी लिहिली, तिच्याबरोबर दारू चालत नाही. उलट्या, छातीत धडधड, माणूस आडवा होतो. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

"मॅडम, भाच्याचं लगन हाय. थोडीशी चालते काय?"

"नाही."

"बिअर?"

"तीपण दारूच आहे, भाऊ."

"मंग वरातीपुरती गोळी बंद ठेवतो."

"तेही नाही! मध्येच बंद केली तर दुखणं पुन्हा उठेल. आणि गोळ्या संपल्यावर लगेच प्यायला बसायचं नाही. कधीपासून चालेल ते डॉक्टरांना विचारा."

गजाननभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्यांचं लग्न मोडलं होतं! शेजारी त्यांच्या पत्नी वंदनाताई उभ्या होत्या. त्यांनी पाकीट माझ्या हातून घेतलं आणि पदरात बांधलं.

वरात आमच्या दुकानावरूनच गेली. भाऊ सोड्याची बाटली हातात घेऊन नाचत होते. पडले नाहीत, कोणाशी भांडले नाहीत, बँडवाल्याच्या अंगावर धावून गेले नाहीत. लोक वरात सोडून त्यांच्याकडेच पाहत होते.

लग्नानंतर वंदनाताई एकट्याच दुकानात आल्या. इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं:

"मॅडम, हे गोळी वर्षभर घेतली तं काही होते काय?"

*

मंदावहिनींची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्या समोर त्यांची पोह्याची गाडी. दिवसभर उभं राहणं, पाणी कमी पिणं. लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. जळजळ थांबली तशा गोळ्याही थांबल्या. उरलेल्या त्यांनी बहिणीसाठी जपून ठेवल्या, तिलाही मधूनमधून तसाच त्रास व्हायचा म्हणून.

काही दिवसांनी एका सकाळी गाडी लागलीच नाही. वहिनी घरात कुडकुडत पडलेल्या, कंबर धरून. ताप उतरेना. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले होते. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. परत आल्या तेव्हा पार उतरल्या होत्या.

"मॅडम, बरं वाटलं म्हनून बंद केली. मले काय मालूम, आतमध्ये अजून हायेत!"

या वेळी पुढच्या गोळ्या घरी नेऊन देताना मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी सांगितल्यात तेवढ्या पूर्ण. आणि बहिणीला एकही नाही. तिला तपासू द्या."

त्यांनी ते असं मनावर घेतलं, की रोज सकाळी गाडी लावली की तिथूनच ओरडायच्या, "मॅडम, घेतली बरं का गोळी!" पोहे खाणारे कंडक्टर विचारायचे, कायची गोळी? वहिनी सांगायच्या, "लघवीची!" अगदी मोठ्यानं.

वहिनींच्या सासूबाई आल्या तणतणत. "चारचौघात बोलतं, लाज नाही वाटत?"

वहिनींनी झारा कढईवर ठेवला. "जळजळ मले होते. लाज तुमाले काहून वाटून राह्यली?"

ज्या दिवशी शेवटची गोळी संपली, त्या दिवशी त्यांनी रिकामं पाकीट वर धरून दाखवलं. अख्ख्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या!

आणि त्या आठवड्यात दोन बायका दबकत माझ्याकडे आल्या. "मॅडम, मंदासारखंच आमाले बी होते. कोनाले दाखवाचं?"

*

आता सुभद्राकाकू. जवळच्याच खेड्यातल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती एकट्या पाहतात. त्यांचा घसा दुखत होता. शेजारणीनं मायेनं स्वतःच्या उरलेल्या कॅप्सूल दिल्या, "मले तं लय गुन आला" म्हणून. काकूंनी त्यातली एक घेतली.

मुलगा काकूंना गाडीवर घेऊन दुकानात आला. "मॅडम, आईले खाज सुटली. खाजेची गोळी द्या."

मी काकूंकडे पाहिलं. ओठ सुजलेले, चेहऱ्यावर लाल गांधी, आणि आवाज घोगरा. "गया आवयून राह्यला वं," गळ्याला हात लावून एवढंच त्या म्हणाल्या.

मी गोळी शोधली नाही. काउंटर तसाच टाकला आणि काकूंना धरून समोर डॉक्टर मॅडमकडे पळाले. इंजेक्शन, ऑक्सिजन, मग ॲम्ब्युलन्स. बाबूजी उघड्या दुकानासमोर हात जोडून उभे होते. काकू वाचल्या. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

बऱ्या झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. डॉक्टरांनी कागद दिला होता, की त्या कॅप्सूलसारखी पेनिसिलिनच्या गटातली औषधं यांना कधीच द्यायची नाहीत, प्रत्येक ठिकाणी हे सांगायचं.

"कागद हारपते. पोराच्या मोबाइलमंदी ठेवला तं मोबाइल पोरासंगं जाते. अन् मी बेशुद्ध पडली तं सांगाले तोंड हाय का माहं?" काकूंनी माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला. "तू मले ते नाव मोठ्या अक्षरात लिहून दे. मराठीत बी, इंग्रजीत बी. चुकू नको."

मी लिहून दिलं. पुढे दर्ग्याच्या उरुसात काकू गेल्या आणि गोंदणाऱ्यासमोर तो कागद ठेवून हात पुढे केला. सुईचं नवं पाकीट त्याला डोळ्यांदेखत फोडायला लावलं. उजव्या हातावर 'पेनिसिलिन' आणि त्यावर मोठी फुली!

मुलगा चिडला. "आई, लोक वाचतीन ना!"

"लोकायनं वाचावं म्हनूनच तं गोंदलं!"

पुढे काकूंच्या पायाला विळा लागला. जखम मोठी होती. समोरच्या दवाखान्यात त्या दिवशी एक नवीन तरुण डॉक्टर बसले होते. मी मलमपट्टीचं सामान द्यायला गेले होते, तिथेच उभी होते. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "आजी, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते का?"

काकूंनी पटकन हात पुढे केला. घाईत डावा. त्या हातावर लग्नात गोंदलेलं नवऱ्याचं नाव होतं.

डॉक्टरांनी वाचलं. "किसन? हे कोणतं औषध?"

काकूंनी हात पाहिला, मागे घेतला आणि उजवा पुढे केला.

"त्याची बी येत होती. पन तो गेला. आता हे येकच राह्यलं."