काटा हलला
घरात कुणी नळ झटकन बंद केला की भिंतीतल्या पाइपातून ठक्कन आवाज येतो आणि मला अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागचं ते रान आठवतं. चादरी रंगवणारा एक कारखाना आपलं सांडपाणी खोल बोअरमधून खडकाच्या पोटात सोडायचा. तो खडक आत कुठं फुटलाय का, हे बघायला भूजल तपासणाऱ्या आमच्या साहेबांबरोबर आम्ही गेलो होतो. जोरात वाहत्या पाण्याची झडप एकदम बंद केली की पाण्याला धक्का बसतो, आणि भेग जिथवर गेली असेल तिथवर तो धक्का पोचतो. म्हणून शेजारच्या रानातल्या बोअरच्या तोंडावर आम्ही दाबाचा काटा बसवला होता. ऊन रणरणत होतं, मागांचा खडखडाट आणि रंगाचा उग्र वास तिथवर येत होता. बोअर आटत आली की काय या धास्तीनं रानाची मालकीण आमच्याजवळच बसून होती. तिकडं कारखान्यात झडप बंद झाली आणि थोड्या वेळानं इकडं काटा थरथरला. “हाललं की! म्हंजे पाणी हाय की खाली,” म्हणत ती हरखून उठली आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं बोअरच्याच पाण्याचा चहा टाकलासुद्धा. कप हातात आल्यावर साहेब खाली बघत म्हणाले, “मावशी, काटा हलला म्हणजे कारखान्याचं पाणी तुमच्या बोअरला येतंय. ते पाणी पिऊ नका.” ती आमच्या कपांकडे बघत राहिली. “मग इतकी वर्सं आमी काय पिलो ओ?” आमच्या चहावर साय धरत गेली. आता मी नळ हळूच बंद करतो.