कॅमेऱ्याला लागलेलं ऊन

माझ्या लग्नात फोटोग्राफर नव्हता. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक चांगला स्टुडिओ होता आणि वडिलांनी त्याला सांगूनही ठेवलं होतं. पण माझ्या सासरहून, जळगावहून निरोप आला: फोटोवाला लावू नका. आमचे जावईबापू परदेशातून रोल न लागणारा कॅमेरा घेऊन आलेत, तेच फोटो काढतील.

जावईबापू म्हणजे माझ्या मोठ्या नणदेचे यजमान. घरचे जावई, त्यात बाहेरदेशी नोकरी. त्यांच्या शब्दापुढे सासरी कुणी तोंड उघडत नसे. वडिलांनी स्टुडिओवाल्याला नाही म्हणून कळवलं.

नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. डिजिटल कॅमेरा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. साबणदाणीएवढी ती वस्तू, तिच्या पाठीवर इवलासा पडदा, आणि काढलेला फोटो लगेच त्या पडद्यावर. हळदीचे हात तसेच ठेवून बायका बघायला धावल्या. मीही कौतुकाने पाहिलं, खोटं कशाला सांगू.

लग्न मे महिन्यातलं, कार्यालयाला वर पत्रे. नऊ वाजल्यापासूनच भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. थोडे फोटो झाले आणि तो पडदा काळा पडला. जावईबापूंनी कॅमेरा या हातातून त्या हातात घेतला, इतका तो तापला होता.

"आतलं यंत्र गरम झालं, की हा स्वतःच बंद होतो," त्यांनी सगळ्यांना समजावलं. "थंड केला की पुन्हा सुरू. फ्लॅश मारला तर आणखी तापतो, म्हणून फोटो बाहेर उजेडात काढू."

तिथून पुढे माझ्या लग्नात एकच काम उरलं: कॅमेरा थंड ठेवणं. एक चुलतसासरे पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसले. कुणीतरी टॉवेल भिजवून आणला. त्याच टॉवेलने आधी जावईबापूंनी मान आणि काखा पुसल्या, मग तो कॅमेऱ्याखाली अंथरला. आमरसासाठी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली बर्फाची लादी होती. त्यांनी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी त्या टॉवेलात गुंडाळली आणि सगळं गाठोडं लादीवर ठेवलं. टॉवेलाचं पाणी बर्फावरून ओघळत होतं. थोड्या वेळाने आचाऱ्याने त्याच लादीचा एक तुकडा फोडून रसाच्या पातेल्यात टाकला. मी बोहल्याशेजारून हे बघत होते.

कन्यादान झालं तेव्हा कॅमेरा बर्फावरच होता. विधी आटोपल्यावर जावईबापू आले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा करा. अंगणात या, नुसता हात धरून उभे राहा."

आईचा सकाळपासून उपवास होता. कन्यादान होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. ते झालं, आता ती पाणी पिणार, तोच तिला हाताला धरून बाहेर नेलं. भर बारा वाजता फरशी पायाला चटके देत होती. आईने माझा हात नवऱ्याच्या हातात दिला. कॅमेरा बंद पडला. तो आत नेला, गार केला, परत आणला. आम्ही तसेच उभे. आईचा तळवा माझ्या तळव्याखाली कोरडा आणि कढत लागत होता.

"अहो, आईला आत जाऊ द्या," मी नवऱ्याला हळूच म्हटलं.

"एवढा एक होऊ दे. जावईबापूंना वाईट वाटेल," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला आई माझ्या अंगावरच कोसळली.

तिला उचलून आत आणलं, कूलरसमोर निजवलं. आणि तेवढ्यात कुणीतरी कॅमेरा घेऊन आलं आणि कूलरचं तोंड शेजारच्या खुर्चीकडे वळवलं. खुर्चीवर कॅमेरा. माझा अजूनही विश्वास बसत नाही, पण त्या खोलीतल्या एकाही वऱ्हाड्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. जावईबापूंनी झाला का गार म्हणून बघायला एक फोटोही काढून घेतला.

माझी आत्या पिंपळनेरची. तिला सगळे अक्का म्हणायचे. ती तिच्या अहिराणीत ओरडली, "त्या डबडाम्हा जीव शे का? आठे माणूस मरी ऱ्हायना!"

इथे माणूस मरतंय, हे तिचं खरंच होतं. मी उठले आणि कूलर आईकडे फिरवला. कॅमेऱ्याभोवतीचा टॉवेल मला हातातही धरवेना, म्हणून माझ्या शेल्याचं टोक भिजवून तिच्या कपाळावर ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "शेला खराब होईल." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आईला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. पाठवणीची घाई सुरू झाली तेव्हा मी सांगितलं, की आईला भेटल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. बरीच कुरकुर झाली. मुंडावळ्या न सोडता तशीच मी दवाखान्यात गेले. आईने डोळे उघडले आणि विचारलं, "जेवलीस का?"

सासरी सत्यनारायण झाला त्या दुपारी जावईबापूंनी सगळ्यांना त्या पडद्यावर फोटो दाखवले. बहुतेकांवर जांभळट, लाल ठिपके पडले होते. उष्णतेने असं होतं, असं ते म्हणाले. मधेच एक फोटो अगदी स्वच्छ आला. मधोमध रिकामी भिंत, आणि कडेला जमिनीवर आडवी पडलेली माझी आई, तोंड उघडं, पदर ढळलेला. कुणीतरी म्हणालं, "हा बाकी छान स्पष्ट आलाय."

"तो पुसून टाका," मी म्हणाले.

जावईबापू खूश झाले. "हीच तर यातली गंमत!" त्यांनी बटण दाबलं आणि पडदा सगळ्यांसमोर फिरवला. "बघा, गेला. रोलमध्ये जमेल का हे?"

सगळे वा वा करू लागले. माझा नवराही हसत होता. नंतर स्वयंपाकघरात येऊन त्याने विचारलं, "रागावलीस का?"

"नाही," मी म्हणाले, "किळस आली."

बाहेर बैठकीतून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.